कृष्णेचे वाढीव पाणी आणि आपली आडसाली



आडसाली लागणीच्या नोंदी सुरू झाल्या की शेतकी विभागाच्या प्रत्येक गट कार्यालयात एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, कृष्णेचं एक्याऐंशी टी. एम. सी. पाणी वाढवून मिळालंय म्हणतात. मग दोन एकर आडसाली जादा लावायला काय हरकत हाय?" असे विचारणारा सभासद अडाणी नसतो. त्याने वर्तमानपत्रात वाचलेले असते, सभेत ऐकलेले असते. आकडाही त्याचा बरोबर असतो. पण त्या आकड्यापुढची हकीकत त्याला कोणी सांगितलेली नसते. ते पाणी लवादाने देऊ केले आहे, कायद्याने ते अजून पदरात पडलेले नाही. आणि उद्या पडले, तरी ते जुन्या पाण्याइतके भरवशाचे नाही. आडसाली लावणाऱ्याने या दोन्ही गोष्टी नीट समजून घेतल्या पाहिजेत, म्हणून हा विषय थोडा विस्ताराने मांडत आहे.

कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते आणि महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा व आंध्र प्रदेश अशा चार राज्यांतून बंगालच्या उपसागराला मिळते. खोऱ्याचे एकूण क्षेत्र सुमारे २ लाख ५९ हजार चौरस किलोमीटर. त्यातले साधारण २७ टक्के आपल्या राज्यात आहे. मोठा पाऊस मात्र सह्याद्रीच्या माथ्यावर, म्हणजे आपल्याकडे पडतो. "पाऊस आमचा, मग पाणीबी आमचंच" असे आपले लोक म्हणतात ते त्यामुळेच. बांधावरच्या भांडणात सुद्धा वरच्याने ओढा पुरता अडवला तर खालचा गप्प बसत नाही. इथे तर राज्ये आहेत. राज्याराज्यांतली अशी भांडणे नेहमीच्या कोर्टात चालत नाहीत. राज्यघटनेच्या कलम २६२ प्रमाणे संसदेने १९५६ साली आंतरराज्य जलविवाद कायदा केला. त्याप्रमाणे तडजोड होत नसेल तर केंद्र सरकार लवाद नेमते, आणि लवादाचा निवाडा केंद्राच्या राजपत्रात प्रसिद्ध झाला की तो सर्व राज्यांवर बंधनकारक होतो. "राजपत्रात प्रसिद्ध झाला की" हे चार शब्द ध्यानात ठेवावेत. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

पाण्याची वाटणी करण्याचा एक प्रयत्न १९५१ सालीही झाला होता. दिल्लीत बैठक झाली, वाटे ठरले, पण म्हैसूर राज्याने त्यास मान्यता दिली नाही. त्यानंतर १९५६ साली भाषावार राज्यरचना झाली आणि खोऱ्याचे तालुकेच्या तालुके एका राज्यातून दुसऱ्यात गेले. जुन्या वाटणीला अर्थ उरला नाही. अखेर १० एप्रिल १९६९ रोजी न्यायमूर्ती आर. एस. बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली कृष्णा पाणीतंटा लवाद नेमला गेला. त्याचा अहवाल डिसेंबर १९७३ मध्ये आला, पुढचा अहवाल मे १९७६ मध्ये आला, आणि ३१ मे १९७६ रोजी निवाडा राजपत्रात प्रसिद्ध झाला. आज आपण ज्या पाण्यावर ऊस भिजवतो ते याच निवाड्याचे.

बच्छावत लवादापुढे पहिला प्रश्न होता, नदीत पाणी आहे तरी किती? लवादाने १८९४-९५ ते १९७१-७२ अशा ७८ वर्षांचे आकडे पाहिले. पाऊस कधी धो धो, कधी ओढ देणारा. मग वाटप कोणत्या वर्षावर करायचे? लवादाने ७५ टक्के भरवसा ही कसोटी धरली. म्हणजे शंभरातल्या ७५ वर्षी निदान जेवढे पाणी येतेच, तेवढेच वाटायचे. तो आकडा निघाला २,०६० टी. एम. सी. बँकेचा इन्स्पेक्टर पीककर्ज देताना तुमच्या सर्वांत चांगल्या वर्षाचे टनेज धरत नाही, बहुतेक वर्षी जे हमखास निघते ते धरतो. लवादानेही तेच केले.

दुसरा प्रश्न वाट्याचा. इथे एक तत्त्व आपल्याला जाचले, पण ते समजून घेतले पाहिजे. ज्याने आधी वापर सुरू केला त्याच्या वापराला संरक्षण, असे ते तत्त्व. खाली विजयवाड्याला इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बंधारा बांधून त्रिभुज प्रदेशात भातशेती उभी केली होती. पुढे नागार्जुनसागर आले. त्यामुळे संरक्षित वापराच्या यादीत आंध्रचे सुमारे ७४९, म्हैसूरचे ५०५ आणि आपले ४४० टी. एम. सी. धरले गेले. यातच जवळजवळ १,६९३ टी. एम. सी. संपले! उरलेले सुमारे ३६७ वाटायचे होते. त्यातले म्हैसूरला अधिक मिळाले, आपल्याला सुमारे १२० मिळाले आणि आंध्रला सर्वांत कमी. अखेरचा हिशेब असा झाला : महाराष्ट्र ५६०, कर्नाटक ७००, आंध्र ८००.

याशिवाय झिरप्याचे पाणी होते. शेताला दिलेले पाणी सगळेच मुरत नाही, काही ओढ्यानाल्याने पुन्हा नदीला मिळते. मोठ्या प्रकल्पांचा सिंचन-वापर १९६८-६९ नंतर जेवढा वाढेल त्याच्या १० टक्के पाणी असे परत येईल, असे लवादाने धरले. त्यापोटी टप्प्याटप्प्याने आपल्याला २५, कर्नाटकाला ३४ आणि आंध्रला ११ टी. एम. सी. वाढवून दिले. म्हणून आपला आकडा ५८५ झाला.

आता महत्त्वाची गोष्ट. हे ५८५ म्हणजे आपल्या धरणांत कोणी ओतून दिलेले पाणी नव्हे. एका जलवर्षात राज्याने जास्तीत जास्त किती वापरावे याची ती मर्यादा आहे. जलवर्ष १ जून ते ३१ मे. (सरकारचे वर्ष एप्रिलला उघडते, कारखान्याचे वर्ष गळिताला, पाण्याचे मिरगाला. शेतकऱ्याच्या मनाला यातले शेवटचेच पटते.) आणि हा वापर मोजायचा कसा, याचेही नियम निवाड्यात घालून दिले आहेत. ते आपल्या सभासदांपैकी फार थोड्यांना ठाऊक असावेत.

शेतीसाठी कालव्याने सोडलेले किंवा नदीवरून उपसलेले पाणी शंभर टक्के वापर म्हणून धरतात. तुमच्या जॅकवेलवरच्या मोटारीने उचललेला प्रत्येक लिटर महाराष्ट्राच्या खात्यात लिटरभरच पडतो. शहरांना आणि गावांना पिण्यासाठी उचलले तर मात्र २० टक्केच धरतात, कारण बाकीचे सांडपाणी होऊन नदीला परत जाते असे मानले आहे. कारखानदारीला तर फक्त अडीच टक्के! म्हणजे आपल्या साखर कारखान्याने नदीतून शंभर लिटर घेतले तर खाती अडीच, आणि त्याच नदीतून तुम्ही उसाला शंभर लिटर घेतले तर खाती शंभर. (परत जाणारे पाणी कोणत्या अवस्थेत परत जाते, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे आणि तो लिहिण्याची वेळ येऊ नये.) धरणातून बाष्पीभवनाने उडून गेलेले पाणीही त्या राज्याच्याच नावे. आणि भूगर्भातले पाणी, म्हणजे विहिरीचे, ते कृष्णेच्या वापरात मुळीच धरलेले नाही. प्रत्येक राज्याने आपल्या हद्दीतले भूजल मोकळेपणाने वापरावे, असे निवाडा सांगतो.

विहीर बागाईतदारांनी यावरून लगेच हरखून जाऊ नये. लवादाने मोकळीक दिली ती राज्याला. राज्याच्या आत भूजलाचा २००९ चा कायदा वेगळा आहे. आणि कायद्याचे सोडा, दर उन्हाळ्यात बोअर दोनशे फूट खाली न्यावे लागते ते कोणत्या लवादामुळे नव्हे.

आपल्या वाट्यातच कोयनेचाही हिशेब आहे. वीज तयार करण्यासाठी कोयनेचे पाणी पश्चिमेला कोकणात सोडले जाते. त्यासाठी वर्षाला ६७.५ टी. एम. सी. वळवण्यास लवादाने मान्यता दिली, आणि ते पाणी महाराष्ट्राच्याच वाट्यात मोजले जाते. पूर्वेकडच्या दुष्काळी तालुक्यांतले लोक याबद्दल बोलतात तेव्हा त्यांचा आवाज चढतो, आणि तो का चढतो हे माणदेशात एक उन्हाळा काढलेल्याला सांगावे लागत नाही. दुसरीकडे त्याच विजेवर आपल्या उपशाच्या मोटारी फिरल्या, हेही तितकेच खरे.

मग आले ३१ मे २००० चे प्रकरण. त्या तारखेनंतर निवाड्याचा फेरविचार होऊ शकेल, असे बच्छावत लवादाने लिहून ठेवले होते. त्यावरून आपल्याकडे बोलबाला झाला की, "दोन हजार सालापर्यंत अडवलं न्हाई तर पाणी गेलं." हे अर्धे खरे होते. निवाड्यात असे होते की, फेरविचार करताना, ठरलेल्या मर्यादेत एखाद्या राज्याने हाती घेतलेल्या वापराला शक्यतो धक्का लावू नये. म्हणजे ज्याचा वापर उभा राहिला तो सुरक्षित, ज्याचा नाही त्याचे सांगता येत नाही. आधी वापरणाऱ्याला संरक्षण कसे मिळते हे विजयवाड्याच्या बंधाऱ्यावरून एकदा पाहिलेच होते. म्हणून राज्य सरकारने १९९६ साली महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन केले, कर्जरोखे काढून पैसा उभा केला, आणि एकाच वेळी धरणे, कालवे, उपसा योजना अशी कितीतरी कामे काढली. ताकारी, म्हैसाळ, टेंभू ही नावे आपल्या लोकांच्या तोंडी बसली ती या धावपळीत. धरणे बऱ्याच अंशी उभी राहिली, पण कालवे आणि चाऱ्या मागे पडल्या. पाणी अडले, शेतापर्यंत जायला मात्र पुढची कितीतरी वर्षे लागली.

फेरविचारासाठी दुसरा लवाद २ एप्रिल २००४ रोजी न्यायमूर्ती ब्रिजेश कुमार यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला. त्याचा निर्णय ३० डिसेंबर २०१० रोजी आला आणि पुढचा अहवाल २९ नोव्हेंबर २०१३ रोजी. या लवादाने १९६१-६२ ते २००७-०८ अशी ४७ वर्षे पाहिली. बच्छावत निवाड्याने दिलेले वाटे जसेच्या तसे ठेवले, आपले ५८५ शाबूत राहिले. वरचे पाणी वाटताना मात्र त्याने भरवशाची कसोटी ७५ वरून ६५ टक्क्यांवर आणली, आणि त्याहूनही वरचे, सरासरीपर्यंतचे जादा पाणीसुद्धा वाटून टाकले. आकडे झाले : महाराष्ट्र ६६६, कर्नाटक ९०७, आंध्र १,००५.

आपल्या वाढीव ८१ टी. एम. सी. ची फोड पाहा. त्यातले ४६ हे ६५ टक्के भरवशाच्या पाण्यातले, आणि त्या ४६ पैकीही ३ नदी वाहती राहावी म्हणून किमान प्रवाहासाठी राखून. उरलेले ३५ हे सरासरीपर्यंतच्या जादा पाण्यातले. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर, जुने पाणी चार वर्षांतून तीन वर्षे येणारे, त्यावरचे ४६ तीन वर्षांतून दोन वर्षे, आणि शेवटचे ३५ पाऊस सरासरी गाठेल त्याच वर्षी. खरीप ज्वारी, सोयाबीन, भुईमूग करणाऱ्याला अशा पाण्याचा उपयोग आहे. आले तर घेईल, नाही तर तेवढे क्षेत्र कोरडवाहू ठेवील. कायम बागाईत करणाऱ्याने त्यावर विसंबायचे कसे?

आणि उसात सुद्धा सर्वांत अडचण आडसालीची. तिची लागण जुलै-ऑगस्टात होते, धरण किती भरणार हे कळायच्या आधी. धरणातला साठा मोजून कालव्याच्या पाळ्या ठरवायच्या त्या १५ ऑक्टोबरनंतर. तोवर बेणे, खत, नांगरट, मजुरी सगळे जमिनीत गेलेले असते. पीक सोळा-अठरा महिने उभे राहते, म्हणजे त्याचे पाणी दोन जलवर्षांच्या खात्यात पडते आणि मधला अख्खा उन्हाळा त्याला काढावा लागतो. सुरू लावणाऱ्याला निदान साठा पाहून ठरवायची सोय आहे. पूर्वहंगामीवाल्यालाही थोडीफार आहे. आडसालीवाला मात्र न आलेल्या पाण्यावर सही करतो. जुन्या, ७५ टक्क्यांच्या पाण्यावर त्याने ती करावी, त्यात जोखीम असली तरी ती पिढ्यान्पिढ्या अंगवळणी पडलेली आहे. नव्या ८१ वर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे झाले निवाडा लागू होईल असे धरून. प्रत्यक्षात तो लागू झालेला नाही. राज्यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि सप्टेंबर २०११ मध्ये न्यायालयाने हा निवाडा राजपत्रात प्रसिद्ध करण्यास मनाई केली. वर ज्या चार शब्दांचा उल्लेख केला ते इथे आडवे आले. प्रसिद्धी नाही, म्हणून बंधन नाही, म्हणून ८१ नाही. कोणी विचारील, पाणीतंट्यात कोर्टाला मज्जाव असतो ना? मूळ तंटा चालवण्यास मज्जाव आहे. पण लवादाच्या निर्णयावर विशेष परवानगीने आलेले अपील ऐकता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने कावेरीच्या प्रकरणात डिसेंबर २०१६ मध्ये स्पष्ट केले.

मधल्या काळात २०१४ साली आंध्रचे दोन भाग झाले. तेलंगणाचे म्हणणे होते की, आता चारही राज्यांत पुन्हा पहिल्यापासून वाटप करा. तसे झाले असते तर आपले ५८५ सुद्धा पुन्हा ताटात आले असते! ऑक्टोबर २०१६ मध्ये लवादाने ठरवले की हा प्रश्न तेलंगणा आणि आंध्र या दोघांपुरताच आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्राने त्याच लवादाकडे नवे मुद्दे सोपवले तेही त्या दोन राज्यांच्या वाटपाचेच. भावाभावांची वाटणी चालू असताना शेजाऱ्याच्या बांधाला हात लागला नाही, एवढे समाधान.

अलमट्टीचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय आपल्याकडे पुरा होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली त्या धरणास ५१९.६ मीटरपर्यंत पाणी अडवण्याची मुभा दिली होती. दुसऱ्या लवादाने ती ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवण्यास मान्यता दिली. तो निवाडा प्रसिद्ध नसल्याने हेही लोंबकळत आहे, आणि महाराष्ट्राचा या उंचीवाढीला विरोध आहे. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर ज्यांनी सोसले, ज्यांचा नदीकाठचा ऊस शेंड्यापर्यंत गाळात बुडाला आणि कुजून गेला, त्यांना अलमट्टीचे नाव काढताच संताप येतो. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने मात्र पुराचे मुख्य कारण अलमट्टी नसल्याचा निष्कर्ष काढला आणि अतिवृष्टी, नदीपात्रातली अतिक्रमणे यांकडे बोट दाखवले. पुष्कळांना तो पटलेला नाही. पण पूररेषेच्या आत भराव टाकून बांधलेल्या इमारती आपल्याच आहेत, त्या विजापूरच्या लोकांनी येऊन बांधलेल्या नाहीत.

आता थोडा आकडेमोडीचा भाग. एक टी. एम. सी. म्हणजे १०० कोटी घनफूट. एका एकरात एक इंच पाणी उभे केले तर ते ३,६३० घनफूट भरते. सुरू उसाला सरीतून मोकाट पाणी देताना पाऊस सोडून वर्षात ढोबळ मानाने ८० इंच पाणी दिले जाते असे धरा. एकरी २ लाख ९० हजार घनफूट झाले. म्हणजे एक टी. एम. सी. शेतावर पोहोचले तर सुमारे ३,४०० एकर ऊस निघतो. पण कालव्यात, चारीत, पोटचारीत निम्मे जिरले तर १,७०० एकरच. उलट ठिबकने निम्म्यात भागवले तर तेच पाणी ६,८०० एकरांना पुरते. ठिबकमध्ये पाण्याची ४० ते ५० टक्के बचत होते हे आपल्या भागातल्या कितीतरी प्लॉटवर दिसते आहे. २०१७ साली राज्य सरकारने उसाला ठिबक सक्तीचा निर्णयही घेतला होता. तो किती अमलात आला हे शिवारातून चक्कर मारली तरी कळते. पाळी आली की "भरून घे, पुढची कवा येतीया काय ठावं" म्हणून रात्रभर पाट मोकळा सोडणारे आपल्यात अजून आहेत. त्यांनाही दोष कसा द्यावा? पाळीच बेभरवशाची असेल तर माणूस भरूनच घेणार. पण वापसा नसलेल्या रानात भरून घेतलेले पाणी टनेज वाढवत नाही. काळ्या रानात ते क्षार वर आणते, आणि नदीकाठच्या कितीतरी गावांत एकेकाळी एकरी साठ-सत्तर टन देणारी जमीन आज चोपण होऊन पडली आहे. ज्या पाण्यासाठी राज्ये पन्नासहून अधिक वर्षे भांडत आहेत, त्यातलेच हे पाणी.

यंदाच्या लागणीसाठी शेतकी विभागाच्या सूचना अशा. वाढीव पाण्याच्या बातमीवर आडसालीचे क्षेत्र वाढवू नये. ज्यांना क्षेत्र वाढवायचेच आहे त्यांनी वाढीव भाग सुरू हंगामात, १५ ऑक्टोबरचा साठा कळल्यावर धरावा. आडसालीच्या नोंदीस ठिबक असलेल्या प्लॉटला गट कार्यालयात अग्रक्रम राहील. खोडव्यात पाचट जाळू नये, सरीआड आच्छादन करावे, एखादी पाळी सहज वाचते. ज्यांचा नदीवरून स्वतंत्र किंवा पाणीपुरवठा संस्थेमार्फत उपसा आहे त्यांनी आपल्या उपसा परवान्याची मुदत आणि त्यावर लिहिलेले क्षेत्र एकदा तपासून पाहावे. पुष्कळ परवाने आजोबांच्या नावावर आहेत आणि मोटार मात्र नातवाची चालते, वारसनोंद झालेली नसते. टंचाईच्या वर्षी उपसाबंदीचा आदेश निघाला की अशा मोटारींची वीज आधी तुटते. नोंदीला येताना सातबारा, मागील पाणीपट्टीची पावती आणि परवान्याची प्रत सोबत आणावी. कागदांत काही दुरुस्ती लागत असेल तर अर्ज कसा करायचा ते गटप्रमुख समजावून सांगतील.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग